नको म्हणायची पद्धत

आमच्या गावात अकरा माणसं होती. म्हणजे राहायला बरीच असतील, पण मीटिंगला येणारी अकराच. रविवारी सकाळी ती चॅपलमध्ये स्तोत्रं म्हणायची. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये पक्षाची शाखा म्हणून बसायची आणि तिसऱ्या मंगळवारी युनियनची शाखा म्हणून. खुर्च्या त्याच, बिस्किटं तीच, खोकणारे आजोबाही तेच. फक्त भिंतीवरचा फलक बदलायचा, आणि तोही बदलायला पुष्कळदा विसरायचे. एकदा युनियनची अख्खी मीटिंग 'येशू तुमची वाट पाहतो आहे' या फलकाखाली झाली आणि पार्किंगच्या विषयावर दीड तास भांडण होऊनही कुणाच्या लक्षात आलं नाही.

बारावी मी. मी या भानगडीत कशी पडले ते सांगायला हवं, कारण आमच्या माणसांत अजूनही ते कुणाला नीट पटलेलं नाही.

माझा नवरा भूल देणारा डॉक्टर. साउथहॅम्प्टनपासून बसनं तासाभरावर असलेल्या या गावातल्या छोट्या हॉस्पिटलात त्याला नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून इथे आलो. दिवसभर लोकांना झोपवून तो घरी यायचा आणि जेवताना हॉस्पिटलच्या गोष्टी सांगून मलाही झोपवायचा. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मला घर खायला उठलं. त्याच सुमारास हॉस्पिटलच्या दारावर चिठ्ठी दिसली: किचनमध्ये मदतनीस हवी, सकाळची शिफ्ट. मी आत गेले आणि अर्ज भरून आले.

"अगं, तू बी.कॉम. आहेस. यू डू नो दॅट?" नवरा म्हणाला.

"बटाट्यांना चालतं," मी म्हणाले. "अहो, तुम्ही नका काळजी करू. मी कुणाला भूल देणार नाहीये."

साउथहॅम्प्टनला महाराष्ट्र मंडळाचा गणपती असायचा. तिथे डॉक्टरांच्या बायका जरीच्या साड्या नेसून एकमेकींची घरं किती बेडरूमची आहेत ते काढून घ्यायच्या. त्या वर्षी एकीनं मला विचारलं, "काय करतेस हल्ली?" मी म्हटलं, "हॉस्पिटलात बटाटे सोलते." ती हसली. मग तिला कळलं की हा विनोद नाही. त्यानंतर मोदकांच्या रांगेत माझ्या मागेपुढे ऐसपैस जागा होती.

किचनमध्ये आम्ही सातजणी होतो. आमची मुख्य म्हणजे हेड कुक, जिला मी मनातल्या मनात कुकबाई म्हणायचे. चौपन्न-पंचावन्नची, रुंद खांद्यांची, हाताला सतत कांद्याचा वास. सव्वीस वर्षं ती त्या किचनमध्ये होती. पहिल्या दिवशी तिनं मला केसांची जाळी आणि युनियनचा फॉर्म एकाच हातानं दिला. "दोन्ही घालायचं असतं," ती म्हणाली. मी दोन्ही घातलं. रविवारी चॅपलच्या चहाला ती हाताला धरून घेऊन गेली. मी हिंदू आहे हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हरकत नाही, आपल्याला कपबशा विसळायला माणूस कमी आहे." तिथली मुख्य एक पाद्रीबाई होती, सायकलवरून यायची. तिनंही मला देवाबद्दल कधी काही विचारलं नाही. तिनं मला रोटावर, म्हणजे कामाच्या पाळ्यांच्या यादीवर घातलं.

कुकबाईचा नवरा बोटी बांधण्याच्या कारखान्यात फुप्फुसं घालवून घरी बसलेला होता. बसलेला म्हणजे खिडकीजवळ, ऑक्सिजनची नळी नाकात घालून. दोनला शिफ्ट संपली की ती पाच मिनिटांत चालत घरी जायची आणि त्याला जेवू घालायची. तिच्याकडे गाडी नव्हती, चालवताही येत नव्हती. तिचं सगळं आयुष्य हॉस्पिटल, घर आणि चॅपल या तीन दारांमध्ये पायी चालण्याइतकं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या पाच मिनिटांवर येऊन ठेपलं.

आता इंग्रजांच्या खाण्याच्या रीतीबद्दल. पहिल्या वर्षी आम्हाला शेजाऱ्यांनी चहाला बोलावलं. केक पुढे आला, मी म्हटलं, "नको, थँक यू." सभ्य घरातली बाई आणखी काय म्हणणार? बशी निघून गेली. परत आलीच नाही. मी तासभर त्या केककडे बघत हवामानावर बोलत होते. घरी येऊन पोहे केले आणि नवऱ्यावर चिडले, कारण त्या माणसानं पहिल्याच फटक्यात "येस प्लीज" म्हणून दोन तुकडे खाल्ले होते. हॉस्पिटलात राहून तो बिघडला होता.

याची परतफेड मी कुकबाईवर केली. तिला घरी जेवायला बोलावलं आणि पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड असा बेत केला. तीन पुऱ्या झाल्यावर ती म्हणाली, "बास, छान होतं." मी आणखी दोन वाढल्या. तिनं खाल्ल्या. "खरंच नको." मी वाढल्या. बिचारी बाई समोर आलेलं टाकायचं नाही अशा वळणात वाढलेली. ती खात राहिली आणि मी, पाहुणी किती भुकेली आहे बघा म्हणून, वाढत राहिले. अकरा पुऱ्या. दुसऱ्या दिवशी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती कामाला आली नाही. आजारी असल्याचं कळल्यावर मी तिला फुलं पाठवली आणि कसला ताप आला असेल याचा विचार करत बसले.

यावरून मला काही शिकता आलं असतं. मी शिकले नाही.

मग एके दिवशी किचन बंद करायचं ठरल्याचं पत्र आलं. 'ठरलं' असं लिहिलेलं नव्हतं. पत्रात लिहिलं होतं की सर्वांचं मत घेऊन निर्णय होईल, म्हणजे ठरलंच होतं. यापुढे जेवण दुसऱ्या गावच्या कारखान्यातून थंड करून ट्रकनं येणार आणि वॉर्डात नुसतं गरम करायचं. आम्हा तरुण बायकांना वॉर्डात ट्रॉली ढकलायचं काम मिळणार होतं. कुकबाईला स्वयंपाकाचंच काम, पण साउथहॅम्प्टनच्या मोठ्या हॉस्पिटलात. बसनं जायला तास, यायला तास. मग त्या खिडकीतल्या माणसाला दुपारी कोण बघणार? तिनं पत्र घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि ग्रेव्ही ढवळायला लागली. ग्रेव्ही त्या दिवशी खारट झाली. तिच्या हातून ते पहिल्यांदाच झालं.

लंडनमध्ये सरकार आमच्या अकरा जणांच्याच पक्षाचं. त्यामुळे पहिल्या मंगळवारी त्यांनी सरकारला पाठिंबा दिला आणि तिसऱ्या मंगळवारी त्याच सरकारच्या धोरणाचा निषेध केला. खोकणाऱ्या आजोबांनी दोन्ही वेळा अनुमोदन दिलं. रविवारी पाद्रीबाईनं किचनसाठी प्रार्थना केली. अन्न बनवणाऱ्या हातांना बळ दे, असं काहीतरी. मी डोळे मिटून आमच्या गणपतीलाही सांगून ठेवलं. म्हटलं, दोन्हीकडून दबाव आलेला बरा.

निर्णय घेणाऱ्या समितीवर कामगारांचा एक प्रतिनिधी बसणार होता. तो निवडायला युनियनची खास मीटिंग ठरली. कुकबाईनं मला भाजी चिरताना सांगितलं, "मी तुझं नाव सुचवणार आहे. तू साहेबांचे कागद वाचतेस. मला त्यातलं निम्मं कळत नाही आणि उरलेल्या निम्म्याचा राग येतो."

खरं होतं. मी त्यांचा जाडजूड अहवाल तीनदा वाचला होता. बी.कॉम. कुठेतरी उपयोगी पडायचंच होतं. त्यांनी नव्या जेवणाची चव घेतली होती ती कारखान्याच्या दारात, ताजं गरमागरम असताना, आणि घेणारे सगळे धडधाकट साहेब. ट्रकमधून येऊन वॉर्डात पुन्हा गरम केलेलं ते जेवण एकाही आजारी माणसाला चाखायला दिलेलं नव्हतं. हे मी शोधून काढलं होतं. त्यावर मी इंग्रजीत भाषण लिहिलं, बाथरूमच्या आरशासमोर म्हणून पाहिलं, घड्याळ लावून. एकदा नवऱ्यानं दार ठोठावून विचारलं, "कुणाशी बोलतेयस?" मी म्हटलं, "हॉस्पिटल ट्रस्टच्या अध्यक्षांशी." तो खालच्या बाथरूमकडे निघून गेला.

मीटिंगला मी नवा कार्डिगन घातला. भाषण पर्समध्ये. त्या दिवशी अकराच्या जागी तिसेक माणसं आली होती, आणि चहाच्या पिंपापाशी गर्दी होती. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त रेल्वेवाले गृहस्थ, जे चॅपलमध्ये वर्गणीची थाळीही फिरवायचे. त्यांनी विषय सांगितला आणि नावं मागितली. कुकबाई उभी राहिली आणि माझं नाव सांगून म्हणाली, "तिला सगळं माहीत आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मला हवं होतं, मनापासून हवं होतं. आणि मी काय म्हणाले?

"नाही नाही, मी कसली! माझ्यापेक्षा अनुभवी लोक आहेत इथे."

आता हे काय उत्तर आहे? हे उत्तरच नव्हे. हे म्हणजे पाट मांडल्यावर "राहू दे हो, आत्ताच खाऊन आलेय" म्हणणं. कुणी गाणं म्हणायला सांगितलं की घसा बसलाय म्हणणं. यानंतर समोरच्यानं म्हणायचं असतं, "असं कसं, तुम्हीच हव्यात." मग आपण म्हणायचं, "अहो, पण मला जमेल का?" मग चार बायकांनी हाताला धरून उठवायचं आणि आपण आढेवेढे घेत, पदर सावरत, आधीच पाठ केलेलं म्हणायचं. माझ्या आईनं, मावश्यांनी, सगळ्यांनी आयुष्यभर हेच केलं. एकदाच विचारल्यावर हो म्हणणारीला आमच्यात हावरट म्हणतात.

मी मान खाली घालून, किंचित हसत, पुढच्या आग्रहाची वाट पाहत थांबले.

"फेअर इनफ," अध्यक्ष म्हणाले. "त्यांची इच्छा नाही, आपण मान ठेवू. आणखी कुणी?"

आणि त्यांनी वहीत लिहिलं. लिहिलंसुद्धा! माझ्या नावापुढे 'नकार' असं लिहून पेनला टोपण लावलं. मी कुकबाईकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता, पण ती काही बोलली नाही, कारण तिच्या देशात नाही म्हणणाऱ्या बाईला पुन्हा विचारणं म्हणजे तिच्यावर जबरदस्ती करणं.

तेवढ्यात पोर्टर लोकांचा म्होरक्या उभा राहिला. हा गृहस्थ रुग्णांच्या ट्रॉल्या ढकलण्यापेक्षा मॅनेजरसाहेबांची दारं उघडून धरण्यात जास्त तरबेज होता. "मी तयार आहे," तो म्हणाला. "मला वाटतं मी या कामाला अगदी योग्य आहे." स्वतःच्या तोंडानं! आमच्या गल्लीत असं कुणी बोललं असतं तर पुढची दहा वर्षं त्याची नक्कल झाली असती. इथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हात वर झाले. मी पण माझा हात वर केला, कारण एकटीनंच खाली ठेवणं बरं दिसत नाही.

मग चहा झाला. बिस्किटाची बशी माझ्यापुढे आली आणि मी सवयीनं "नको" म्हणाले. गेली ती पण.

घरी येऊन मी भाषण ड्रॉवरमध्ये टाकलं आणि त्या अख्ख्या जमातीला शिव्या घातल्या. माणुसकी नाही यांना, एकदा विचारलं की झालं, कोरडे लोक. नवरा पेपर वाचत होता. म्हणाला, "पण तू नाही म्हणालीस ना?"

"अहो, म्हणायचं असतं म्हणून म्हणाले!"

"दे वेअर नॉट टू नो. त्यांना कसं कळणार?" तो म्हणाला आणि पान उलटलं. काही वेळा त्या माणसाला स्वतःच्याच औषधाचा डोस द्यावासा वाटतो, विशेषतः त्याचं बरोबर असतं तेव्हा.

पोर्टरसाहेब समितीवर गेले. साहेबांबरोबर जेवले. कारखान्याच्या मटण-बटाट्याला "बरं आहे की" म्हणाले आणि कागदावर सही करून आले. पोर्टरांच्या नोकऱ्या शाबूत राहिल्या. किचन उन्हाळ्याच्या शेवटी बंद झालं. मी बोलले असते तर ते वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. साहेब लोकांनी ठरवलेलं एका बटाटे सोलणारीच्या भाषणानं बदलत नाही, हे मला कळतं. पण तो आजारी माणसांचा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नाही. तो माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला.

शेवटच्या दिवशी आम्ही मोठी पातेली घासून पालथी घातली. कुकबाईनं साउथहॅम्प्टनची नोकरी घेतली नाही. ती कशी घेणार होती? मला राहवलं नाही. सिंकपाशी उभी राहून मी तिला सगळं सांगितलं. की मला व्हायचं होतं. की भाषण लिहिलेलं होतं. की आमच्यात तीनदा विचारतात, पहिलं नको सभ्यपणाचं, दुसरं नको संकोचाचं, आणि खरं काय ते तिसऱ्याला कळतं.

ती हातातलं फडकं पिळत राहिली. मला वाटलं, आता ही मला पातेलं फेकून मारणार, आणि मारलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं.

"म्हणजे त्या पुऱ्या," ती म्हणाली.

"हो."

"मी तीनवरच थांबू शकले असते?"

"जरा जोरात तिसऱ्यांदा नको म्हणाली असतीस तर."

ती हसायला लागली, आणि मग रडायला लागली, आणि मग मीही. पाणी भरपूर होतं तिथे, नाहीतरी. शेवटी तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "तू नाही म्हणालीस, मी तुझा शब्द मानला. मैत्रीण म्हणून मानला. मला माहीत असतं तर शंभरदा विचारलं असतं." त्यात दोष देण्याचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

पुढच्या वर्षी शाखेच्या चिटणीसपदासाठी नावं मागितली तेव्हा अध्यक्षांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर होता. "मी," मी म्हणाले. "मला हवंय." माझे कान लाल झाले होते. माझी आई तिथे असती तर खुर्चीखाली लपली असती. मीटिंगच्या वहीत माझं नाव लागलं आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पोर्टरसाहेबांना मात्र वाटलं, आणि ती माझी त्या वर्षाची सगळ्यात मोठी कमाई. सहा वर्षं मी ते काम केलं, वॉर्डात ट्रॉली ढकलत ढकलत. भांडायला शिकले. केकला पहिल्याच फटक्यात हो म्हणायला शिकले. आणि समोरचा नको म्हणाला की बशी उचलायलाही शिकले.

कुकबाईचा नवरा दरम्यान गेला. ती चॅपलच्या हॉलमध्ये दर गुरुवारी म्हाताऱ्या माणसांसाठी जेवण करायची, आणि पाद्रीबाई मीठ कमी घाल म्हणून तिच्याशी भांडायची. मग एका हिवाळ्यात चॅपलच्याच पायरीवरून घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. माझ्याच वॉर्डात आली. भूल माझ्या नवऱ्यानं दिली, आणि या वेळी त्याच्या हातगुणाबद्दल मी काही वाईट बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच तिच्यापुढे तो ट्रे ठेवला. कडेनं करपलेला आणि मधे गारढोण असा मटण-बटाटा. तिनं काट्यानं वरचा पापुद्रा उचलून आत पाहिलं आणि परत ठेवला.

"सव्वीस वर्षं," ती म्हणाली, "मी असलं कुणाला खाऊ घातलं नाही."

मला माझा ड्रॉवर आठवला.

शिफ्ट संपल्यावर मी घरी गेले, पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली आणि डबा घेऊन भेटीच्या वेळेत परत आले. ती उशीला टेकून पडली होती. चेहरा उतरला होता. मी डब्याचं झाकण उघडलं आणि तिच्यापुढे धरलं.

"नको गं," ती म्हणाली. "भूकच नाही."

"बरं," मी म्हणाले. तिचा मान ठेवला आणि झाकण लावायला लागले.

तिनं माझं मनगट धरलं. हात अजून तसाच होता, रुंद आणि खरखरीत.

"बंद काय करतेस?" ती म्हणाली. "एकदाच विचारलंयस तू मला."

मी झाकण परत काढलं. "घे गं," मी म्हणाले, "एक तरी."

"नको," ती म्हणाली, आणि मान खाली घालून, किंचित हसत, वाट पाहत थांबली.